मेंदूचे काप आणि काहाल

अळूवड्या सगळ्यांना माहीत आहेत. पानांना पीठ लावायचं, एकावर एक पानं ठेवून उंडा वळायचा, वाफवायचा आणि गार झाला की सुरीने काप करायचे. आता समजा, तुम्हाला अख्खा उंडा कधी बघायलाच मिळाला नाही. फक्त काप मिळाले, ओळीने, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर असे. प्रत्येक कापावर हिरव्या रेघांचं एक वेटोळं. त्यावरून सांगायचं की आत पानं किती होती, कुठलं पान कुठून सुरू झालं आणि कुठे संपलं. पाच पानं असतील तर जमेल. पण पानं पन्नास हजार असली, प्रत्येक पानाला शेकडो फांद्या असल्या, काप करताना सुरी सरकलेली असली आणि मधले दोन काप कुणीतरी खाऊन टाकले असले (होस्टेलवर हे होणारच), तर?

मेंदूचा थ्रीडी नकाशा करणाऱ्यांपुढे नेमका हाच प्रॉब्लेम असतो. मेंदूचा तुकडा घ्यायचा, त्याचे अतिशय पातळ काप करायचे, प्रत्येक कापाचा मायक्रोस्कोपमधून फोटो काढायचा आणि मग कॉम्प्युटरवर ते फोटो एकावर एक रचून आतली प्रत्येक पेशी पुन्हा उभी करायची. इमेज प्रोसेसिंगच्या तासाला सरांनी हे उदाहरण म्हणून दोन मिनिटांत सांगितलं आणि ते पुढच्या टॉपिककडे वळले. मी मात्र तिथेच अडकले. लायब्ररीत आणि रात्री रूमवर जे जे मिळालं ते वाचत गेले आणि प्रत्येक ठिकाणी सुरुवातीला एकच नाव भेटत गेलं. त्या माणसाकडे कॉम्प्युटर नव्हता. वस्तरा होता, मायक्रोस्कोप होता, पेन्सिल आणि शाई होती. नाव, सांतियागो रामोन इ काहाल. इंग्रजी स्पेलिंग वाचून माझी रूममेट त्याला 'काजल' म्हणते, आणि ते अगदीच चूक नाही. त्याने आयुष्यभर ज्या पेशी बघितल्या त्या काजळासारख्याच काळ्याकुट्ट होत्या.

एक आधीच सांगते. मी कॉन्व्हेंटची. 'न्यूरॉन'ला मराठीत चेतापेशी म्हणायचं की मज्जापेशी यावर आमच्या रूमवर अर्धा तास वाद झाला. मी चेतापेशी हा शब्द घेतलाय. न्यूरॉनही अधूनमधून येईल, चालवून घ्या.

काहालचा जन्म १ मे १८५२ चा, स्पेनमधल्या पेतिया दे आरागोन नावाच्या डोंगरातल्या खेड्यातला. वडील सर्जन. गरिबीतून, अंगमेहनतीने शिकून वर आलेले, त्यामुळे स्वभावाने कडक आणि हिशेबी. बदल्यांमुळे घर या गावाहून त्या गावाला. पोराला एकच वेड होतं, चित्र काढायचं. भिंतीवर, वहीत, दाराच्या फळीवर, जिथे जागा मिळेल तिथे. वडिलांना वाटायचं की चित्रकार म्हणजे उपाशी मरणार. आयेर्बे गावात चर्चच्या भिंती रंगवायला एक रंगारी आला होता. वडिलांनी पोराचं एक चित्र त्याच्यापुढे धरलं आणि मत विचारलं. रंगाऱ्याने सांगितलं की यात काही दम नाही. झालं! घरातून रंग आणि कागद हद्दपार.

आपल्यापैकी किती जणांच्या घरी असा एखादा रंगारी येऊन गेलाय, हे हात वर करून सांगायला लावलं तर मेसमधले निम्मे हात वर जातील.

पोरगं पण साधं नव्हतं. अकराव्या वर्षी लाकडाच्या ओंडक्यातून घरगुती तोफ तयार केली आणि शेजाऱ्याच्या बागेचं नवं कोरं फाटक उडवून दिलं. काही दिवस चक्क गावच्या कोठडीत काढले. पुढे हाका नावाच्या गावी पाद्र्यांच्या शाळेत घातलं. तिथे पाठांतर, छड्या, आणि चुकलं तर उपाशी कोंडून ठेवणं. हुएस्काच्या शाळेतही फार फरक पडला नाही. शेवटी वैतागून वडिलांनी त्याला आधी एका न्हाव्याकडे आणि नंतर एका चांभाराकडे कामाला ठेवलं. जोडे मात्र तो चांगले शिवायचा म्हणे. वस्तरा, आरी, दोरा या हत्यारांची सवय तिथली. मेंदूचे काप घेणाऱ्या हातांना ती नंतर किती उपयोगी पडली असेल, हे वर्कशॉपमध्ये फायलिंगचा जॉब केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

वळण आलं ते १८६८ च्या उन्हाळ्यात. मुलगा सोळा वर्षांचा. वडिलांनी त्याला शरीररचना शिकवायची ठरवली आणि त्यासाठी रात्री एका जुन्या स्मशानात नेलं. उघड्यावर पडलेली हाडं गोळा केली, घरी आणली आणि एकेक हाड हातात देऊन शिकवायला सुरुवात केली. आता हाड शिकायचं म्हणजे ते काढून बघायचं. खळगे, कंगोरे, कुठली शीर कुठून जाते ते सगळं. ज्या चित्रकलेसाठी मार खाल्ला, तीच आता अभ्यास म्हणून चालणार होती! बाप-लेकाचं भांडण मिटलं ते असं, हाडांच्या ढिगापाशी. पुढे सारागोसाला मुलाने काढलेल्या शरीररचनेच्या चित्रांचं पुस्तक छापायचंही वडिलांच्या मनात होतं. ते काही झालं नाही.

१८७३ मध्ये सारागोसाला डॉक्टरकी पूर्ण. लगेच सैन्यात भरती आणि १८७४ मध्ये क्यूबाला रवानगी. तिथे स्पेनची लढाई चालू होती. काहालला गोळी लागली नाही, पण मलेरियाने इतकं पोखरलं की १८७५ मध्ये आजारी म्हणून परत पाठवावं लागलं. परत येताना खिशात थकलेल्या पगाराचे थोडे पैसे होते. १८७७ मध्ये डॉक्टरेटच्या परीक्षेसाठी माद्रिदला गेला असता तिथे मायक्रोस्कोपखाली तयार स्लाइड्स बघितल्या आणि डोकं फिरलं. सारागोसाला परतल्यावर स्वतःच्या पैशाने मायक्रोस्कोप विकत घेतला. युनिव्हर्सिटीने दिला नाही, ग्रँट नव्हती, गाइड नव्हता. दुसऱ्याच वर्षी क्षयाने रक्त पडलं. त्यातूनही उठला. १८७९ मध्ये सिल्वेरियाशी लग्न केलं. पुढे सात मुलं. फोटोग्राफीचं वेड असं की फोटोच्या कोरड्या प्लेट घरी बनवून विकायचा, त्यातही सिल्वेरियाची मदत. चरित्रं लिहिणारे सिल्वेरियाला दोन ओळींत उरकतात. सात मुलं सांभाळून नवऱ्याच्या छंदाची लॅब असिस्टंट होणं हे दोन ओळींचं काम नाही, एवढंच माझं म्हणणं.

१८८४ मध्ये व्हॅलेन्सियाला प्रोफेसर. (आता प्रोफेसर झाले, तेव्हा इथून पुढे अहो-जाहो.) १८८५ मध्ये तिथे कॉलऱ्याची साथ आली. काहाल यांनी त्यावर काम केलं, सारागोसाच्या प्रांतिक सरकारला रिपोर्ट दिला आणि सरकारने खूश होऊन त्यांना झाइस कंपनीचा नवा मायक्रोस्कोप भेट दिला. त्या काळातला टॉपचा मॉडेल म्हणा ना. मनात आणलं असतं तर ते जंतुशास्त्रात गेले असते, तेव्हा तोच विषय चलनात होता. पण त्या विषयाला मोठी लॅब लागते, खर्च लागतो. पेशींच्या अभ्यासाला एक टेबल पुरतं. एवढ्या व्यावहारिक कारणावरून त्यांनी विषय निवडला.

आता थोडं टेक्निकल. १८७३ मध्ये इटलीतल्या आबियातेग्रासो गावी, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात थाटलेल्या लॅबमध्ये कामिल्लो गॉल्जी नावाच्या डॉक्टरने एक रंगवण्याची पद्धत शोधली होती. मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवायचा, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकायचा. आत सिल्व्हर क्रोमेटचा साका बसतो आणि पिवळट पार्श्वभूमीवर काही पेशी पूर्ण काळ्या होतात, अगदी शेवटच्या फांदीपर्यंत. गंमत 'काही' या शब्दात आहे. शंभरातल्या जेमतेम दोन-चार पेशी रंगतात, बाकीच्या कोऱ्या राहतात. हा दोष वाटेल, पण खरं तर सगळी करामत त्यातच आहे. मेंदूत पेशी इतक्या खच्चून भरलेल्या असतात की सगळ्या रंगल्या तर काळा ठोकळा दिसेल. साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत, आणि चेतापेशीचे धागे त्याहूनही बारीक असू शकतात. गर्दीतल्या दोन-चार जणांनाच रंग लावला तर मात्र त्यांचे हात-पाय कुठपर्यंत गेलेत ते ओळखू येतं.

पद्धत लहरी होती, कधी जमायची, कधी नाही. म्हणून चौदा वर्षं ती जवळजवळ कुणी हाती धरली नाही. १८८७ मध्ये काहाल परीक्षक म्हणून माद्रिदला गेले तेव्हा लुईस सिमारो या डॉक्टरांनी पॅरिसहून शिकून आणलेल्या या रंगाच्या स्लाइड्स त्यांना दाखवल्या. त्याच वर्षी काहाल यांची बार्सिलोनाला बदली झाली आणि ते या एकाच गोष्टीच्या मागे लागले. त्यांनी तीन बदल केले. तुकडा एकदा नाही, दोनदा रंगवायचा. काप पातळ नाही, जाड घ्यायचे. आणि मोठ्या प्राण्यांऐवजी पिल्लं आणि गर्भ घ्यायचे, कारण त्यांच्या चेतातंतूंवर चरबीचं वेष्टण अजून चढलेलं नसतं आणि वेष्टण असलं की रंग नीट बसत नाही. पूर्ण वाढलेलं जंगल बघण्याऐवजी रोपवाटिका बघावी, तसं.

जाड काप का, हे मला आधी कळलं नव्हतं. मग इंजिनिअरिंग ड्रॉइंगची शीट आठवली. काप पातळ असला तर एका पेशीचे तुकडे वेगवेगळ्या कापांत विखुरतात आणि ते जुळवत बसावं लागतं. त्या काळात जुळवायची पद्धतही होती. १८८३ मध्ये गुस्ताव बॉर्न या जर्मन शास्त्रज्ञाने प्रत्येक कापाचा आकार मेणाच्या पत्र्यावर मोठा करून कापायचा आणि ते पत्रे एकावर एक चिकटवून मॉडेल उभं करायचं, अशी युक्ती काढली होती. आजच्या थ्रीडी प्रिंटरची आजीच. गर्भाच्या हृदयासाठी ते ठीक होतं, पण चेतापेशीच्या केसाएवढ्या फांद्या मेणात कुठून येणार? काहाल यांनी जाड काप घेतला, फोकसचा स्क्रू वर-खाली फिरवत एकाच कापात खोलवर बघितलं, आणि पुढचा जोडकाप मनातल्या मनात जोडून कागदावर अख्खी पेशी उतरवली. कित्येकदा सकाळी तासन् तास नुसतं बघायचं आणि चित्र नंतर आठवणीतून काढायचं. त्यांची पुष्कळ चित्रं म्हणजे एका स्लाइडची नक्कल नाही. अनेक कापांतून बघितलेलं एका कागदावर आणलेलं असतं. म्हणजे अलाइनमेंट, सेगमेंटेशन, रेंडरिंग हे सगळं एकाच डोक्यात.

आणि भांडण कशावरून होतं? त्या वेळी बहुतेक शास्त्रज्ञ मानायचे की मेंदू म्हणजे एकसलग जाळं आहे. गेरलाख नावाच्या जर्मनाने ते मांडलं होतं आणि गॉल्जी स्वतः त्याच पंथाचे. शरीरातले बाकीचे अवयव वेगवेगळ्या पेशींचे, पण मेंदू मात्र अपवाद, सगळे धागे एकमेकांत वितळलेले. काहाल यांनी पक्ष्यांच्या अनुमस्तिष्काचे काप बघितले तर त्यांना वेगळंच दिसलं. एका पेशीचा धागा दुसऱ्या पेशीभोवती टोपलीसारखा विणला जातो, अगदी चिकटून बसतो आणि तिथे संपतो. आत शिरत नाही. मे १८८८ मध्ये त्यांनी हे छापलं. कुठे? स्वतःच काढलेल्या त्रैमासिकात! पदरच्या पैशाने, फक्त ६० प्रती, आणि त्यातल्या बऱ्याचशा परदेशी शास्त्रज्ञांना पोस्टाने.

पण सगळं स्पॅनिशमध्ये. स्पॅनिश वाचतंय कोण? विज्ञानाच्या भाषा जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी. प्रती पोचल्या असतील, पण कुणी उघडल्या नाहीत. मग १८८९ च्या ऑक्टोबरमध्ये काहाल यांनी स्वखर्चाने बर्लिन गाठलं. तिथे जर्मन शरीररचना संस्थेचं अधिवेशन होतं. मायक्रोस्कोप आणि स्लाइड्स बरोबर. जर्मन येत नव्हतं, फ्रेंच मोडकंतोडकं. आपला प्रोजेक्ट मांडून एखादा कॉलेजचा पोरगा कोपऱ्यात उभा असतो आणि जज पुढून निघून जातात, तसे ते उभे होते. मग त्यांनी त्या क्षेत्रातला सगळ्यात वजनदार माणूस गाठला, अल्बर्ट केलिकर. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले आणि उठले ते मत बदलून. आधी ते स्वतः जाळ्याच्या बाजूचे होते. पुढे काहाल यांचे पेपर वाचता यावेत म्हणून केलिकर म्हातारपणी स्पॅनिश शिकले.

हा प्रसंग मला नोबेलपेक्षा मोठा वाटतो. स्वतःच्या भाषेत लिहिलेलं कुणी वाचत नाही म्हणून भाषा सोडायची, हा एक मार्ग. काहाल यांनी स्पॅनिश सोडली नाही, स्लाइड घेऊन गेले. अर्थात पुढे त्यांनी फ्रेंचमध्येही भरपूर लिहिलं, तेवढे ते व्यवहारी होते.

१८९१ मध्ये वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञाने सगळ्यांचं काम एकत्र करून 'न्यूरॉन' हा शब्द रूढ केला. काम मुख्यतः काहाल यांचं, बारसं वाल्डायरने केलं. त्याच सुमाराला काहाल यांनी आणखी एक गोष्ट मांडली. पेशीत संदेश एकाच दिशेने जातो, फांद्यांकडून पेशीकडे आणि पेशीकडून लांब धाग्यातून बाहेर. त्यांच्या डोळ्याच्या पडद्याच्या किंवा हिप्पोकॅम्पसच्या चित्रांत छोटे छोटे बाण असतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना दाखवलं तर ते म्हणतील, अरे ही तर सर्किट डायग्राम! मेलेल्या, रंगवलेल्या, स्थिर पेशींवरून त्यांनी करंटची दिशा ओळखली. १८९२ मध्ये माद्रिदला बदली, १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत व्याख्यान, १८९९ मध्ये अमेरिकेत क्लार्क युनिव्हर्सिटीला, आणि १८९७ ते १९०४ या काळात मज्जासंस्थेवरचा त्यांचा अवाढव्य ग्रंथ हप्त्याहप्त्याने बाहेर पडला. ही यादी मी मुद्दाम पळवतेय.

कारण १९०६ जास्त मजेशीर आहे. त्या वर्षीचं वैद्यकाचं नोबेल काहाल आणि गॉल्जी यांना मिळून मिळालं. स्टॉकहोममध्ये ११ डिसेंबरला गॉल्जी बोलायला उठले आणि त्यांनी भाषणभर न्यूरॉनच्या सिद्धांतावरच टीका केली, म्हणजे शेजारी बसलेल्या सहविजेत्याच्या कामावर. दुसऱ्या दिवशी काहाल यांनी आपलं म्हणणं मांडलं. सगळी पुस्तकं गॉल्जींना खलनायक करतात. मला ते पटत नाही. एक तर रंग त्यांचा. दुसरं, धागा संपतो की पुढे वितळतो हे त्या मायक्रोस्कोपखाली खरोखर दिसणं शक्यच नव्हतं, कारण मधली फट सुमारे २० नॅनोमीटरची. दोघांनीही जे दिसत नव्हतं त्यावर पैज लावली होती. काहाल जिंकले. फट प्रत्यक्ष दिसली १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. तोपर्यंत दोघेही जगात नव्हते. आणि १९५९ मध्ये कोळंबीच्या जातीच्या प्राण्यात असेही जोड सापडले की जिथे दोन पेशींतून वीज सरळ आरपार जाते. म्हणजे गॉल्जी अगदीच रिकाम्या हाताने गेले नाहीत.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला आणि काहाल यांची युक्ती उलटी झाली. यात पेशींची सगळीच आवरणं काळी दिसतात, निवडक नाहीत. शिवाय काप ३०-४० नॅनोमीटरचाच लागतो. म्हणजे आता सगळं दिसतं, पण एका वेळी एकच कापटा. अळूवडीचा प्रॉब्लेम पूर्ण ताकदीने परत. १९७२ मध्ये सायरस लेविंथल आणि रँडल वेअर यांनी काप कॉम्प्युटरमध्ये भरून थ्रीडी आकार उभा करायची पद्धत मांडली. केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांच्या लॅबमध्ये जॉन व्हाइट आणि मंडळींनी एक मिलीमीटर लांबीच्या सी. एलेगन्स या कृमीचा पूर्ण वायरिंग डायग्राम केला. त्यांनी कॉम्प्युटरही वापरून बघितला, पण तेव्हाच्या मशीनचा आवाका फारच तोकडा. शेवटी हजारो प्रिंटवर पेनाने नंबर टाकत एकेक धागा पुढच्या पानावर शोधत गेले. चेतापेशी फक्त ३०२, आणि पेपर छापून आला १९८६ मध्ये. दहा वर्षांहून जास्त काळ.

आता थोडा हिशेब करू. एक घनमिलीमीटर, म्हणजे साबुदाण्याच्या एका लहान दाण्याएवढा मेंदू. आडवा-उभा ४ नॅनोमीटरचा पिक्सेल, काप ३० नॅनोमीटरचा. एका बाजूला २,५०,००० पिक्सेल, दुसऱ्या बाजूला तितकेच, आणि काप ३३,३३३. गुणाकार केला तर सुमारे २ वर पंधरा शून्यं. एका पिक्सेलला एक बाइट धरली तरी दोन पेटाबाइट. साबुदाण्याचा एक दाणा! हा कागदावरचा हिशेब नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये उंदराच्या दृष्टिकेंद्रातल्या एका घनमिलीमीटरचा नकाशा प्रसिद्ध झाला, सुमारे २८,००० काप, १.६ पेटाबाइट, २ लाखांवर पेशी आणि ५२ कोटींहून जास्त जोड. त्याआधी २०२४ मध्ये हार्वर्ड आणि गूगलच्या गटाने फेफऱ्याच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या माणसाच्या मेंदूच्या तुकड्याचा नकाशा दिला, १.४ पेटाबाइट, ५७,००० च्या आसपास पेशी. त्याच वर्षी फळमाशीचा अख्खा मेंदू झाला, १,३९,२५५ चेतापेशी. आपल्याकडेही आयआयटी मद्रासने २०२४ च्या डिसेंबरमध्ये मानवी गर्भाच्या मेंदूचे ५,१३२ काप थ्रीडी चित्रांसह खुले केले, मात्र ते पेशींच्या पातळीवरचे, एकेका धाग्याचे नाहीत.

खरी मारामारी आहे ती काप जुळवण्यात. हिऱ्याच्या पात्यानेही काप ताणला जातो, चुरगळतो, एखादा फाटतो. प्रत्येक कापाला आधीच्या कापाशी घट्ट जुळवायला गेलं तर वेगळीच फजिती होते. केळ्याच्या चकत्या एकावर एक नीट रचून बघा. केळं सरळ होतं! मूळचा बाक कुणी सांगितलाच नाही तर कॉम्प्युटरला तो कळायचा कसा? आणि छोट्या छोट्या चुका साठत गेल्या तर सरळ गोष्टही वाकडी होते. हे जमलं की पुढे प्रत्येक पेशीला वेगळा रंग द्यायचा. ते आता न्यूरल नेटवर्क करतं. त्याच्या चुका दोन जातींच्या. एक, सलग धागा मध्येच तोडणं. दोन, दोन वेगळ्या पेशी एक समजून चिकटवणं.

दुसरी चूक जास्त वाईट. कारण अशा थोड्याशा चुका झाल्या तरी शेकडो-हजारो पेशी एकमेकींना जोडल्या जाऊन स्क्रीनवर एकच महाकाय, गुंतागुंतीचं जाळं उभं राहतं. हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले. म्हणजे मशीन चुकलं की ते गॉल्जींच्या पक्षात जातं, आणि त्याला परत काहाल यांच्या पक्षात आणायला माणसं बसवावी लागतात. ती माणसं स्क्रीनवर काप पुढे-मागे सरकवत, हा धागा इथे संपतो की पुढे जातो, हे डोळ्यांनी ठरवतात. फळमाशीच्या मेंदूसाठी ही दुरुस्ती एका माणसाने केली असती तर सुमारे ३३ वर्षं लागली असती. प्रश्न तोच, १८८८ चा. फक्त आता तो कोट्यवधी ठिकाणी विचारावा लागतो.

काहाल यांना हे सगळं आवडलं असतं, असं सहज म्हणता येतं, पण मला खात्री नाही. फोटो काढण्यात ते उस्ताद होते, १९१२ मध्ये रंगीत फोटोग्राफीवर त्यांनी पुस्तकही लिहिलं, तरी पेशींसाठी त्यांनी चित्रच निवडलं. फोटो सगळं दाखवतो, एका पातळीवरचं. चित्र काढणारा ठरवतो, काय महत्त्वाचं. थ्रीडीचं वेड मात्र त्यांना नक्की होतं. १९०१ मध्ये त्यांनी एक गंमत छापली होती. ठिपक्यांनी भरलेली दोन चित्रं, एकेकटी बघितली तर नुसता कचरा, पण दोन डोळ्यांनी दोन चित्रं एकत्र बघितली की मधून अक्षरं वर येतात. गुप्त लिखाणासाठी. असे ठिपक्यांचे स्टिरिओग्राम पुढे १९६० च्या सुमाराला कॉम्प्युटरवर तयार झाले आणि जगप्रसिद्ध झाले. शिवाय १९०५ मध्ये त्यांनी 'डॉक्टर बॅक्टेरिया' या टोपणनावाने विज्ञानकथा छापल्या. आपल्या नियतकालिकातल्या टोपणनाववाल्या कवींनी नोंद घ्यावी.

शेवटपर्यंत ते माद्रिदमध्ये काम करत राहिले, विद्यार्थी तयार केले, आणि १७ ऑक्टोबर १९३४ ला वारले. मागे हजारो चित्रं राहिली. २०१७ मध्ये युनेस्कोने काहाल आणि त्यांच्या शिष्यांचा हा संग्रह जगाच्या स्मृतिवारशात नोंदवला. छापील पुस्तकांत ती चित्रं स्वच्छ दिसतात. मूळ कागदांच्या फोटोंत मात्र पेन्सिलच्या आधीच्या रेघा दिसतात, शाई पुढे गेली तिथे वरून पांढरा रंग फासून फांदी मागे घेतलेली दिसते, कडेला अक्षरं, आणि संस्थेचा शिक्का कित्येकदा चित्राच्या अंगावरच मारलेला.